एका खतावणीवर सगळं गाव: आमच्या सहकारी बँकेच्या संचालक मंडळास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सर्व संचालक आणि मुख्य कार्यकारी अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी आपल्या बँकेची सभासद आहे. आजोबांनी घेतलेला शेअर अण्णांच्या नावावर आला, आणि २०१४ मध्ये मी माझ्या नावाने वेगळा घेतला. कृष्णाकाठच्या आमच्या गावात अण्णांचं किराणा दुकान आहे आणि त्या दुकानाचं चालू खातं पहिल्यापासून आपल्याकडेच आहे. मी पुण्यात राहते. चौदा वर्षं डेटाबेसचं काम करते आहे, त्यातली अलीकडची नऊ वर्षं ऑनलाइन पेमेंटच्या डेटाबेसचं. म्हणजे यूपीआय व्यवहार अडकण्याचा जो विषय आपल्याला सध्या छळतो आहे तोच माझा रोजचा धंदा आहे. बँकेचं नाव मी मुद्दाम लिहिलेलं नाही. ही बँक आमच्या घरातली आहे, तिची चारचौघांत अब्रू जावी असं मला वाटत नाही.

पण गप्पही बसवत नाही. दिवाळीनंतर शाखेच्या काचेच्या दारावर एक छापील सूचना लागली. सायंकाळी ५ ते ९.३० या वेळेत १०० रुपयांखालचे यूपीआय व्यवहार ग्राहकांनी शक्यतो टाळावेत, रोखीने करावेत, सहकार्य अपेक्षित आहे, असा तिचा मजकूर. अण्णांनी मला तिचा फोटो पाठवला आणि खाली एवढंच लिहिलं: 'आता काय करायचं?'

लॉकडाउननंतर आपलेच कर्मचारी दुकानोदुकानी फिरून क्यूआरचे स्टिकर लावत होते. आमच्या काउंटरवरचा स्टिकर आपल्या शाखाधिकाऱ्यांनी स्वतः, फडक्याने काच पुसून, चिकटवला होता. चहावाल्यापासून भाजीवाल्या बाईपर्यंत सगळ्यांना आपण सांगितलंत की सुट्ट्या पैशांची कटकट संपली. लोकांनी ऐकलं. आता त्याच लोकांना दहा रुपयांचा चहा रोखीने प्या म्हणायचं, तेही संध्याकाळी, जेव्हा गावातली निम्मी खरेदी होते. यात लोकांची चूक कोणती?

मला स्वतःला हे का लागलं, ते आधी सांगते.

१० ऑक्टोबर २०२५, शुक्रवार. ११ तारखेला दुसरा शनिवार, म्हणून दुधाचं दहा दिवसांचं बिल एक दिवस आधीच, शुक्रवारी संध्याकाळी, खात्यांवर पडत होतं. वसुबारस आठवड्यावर आलेली. मी रजा काढून गावी आले होते आणि गल्ल्यावर अण्णांच्या शेजारी बसले होते. सव्वासातच्या सुमारास वस्तीवरच्या एक मावशी आल्या. दोन म्हशींचं दूध डेअरीला घालतात, उरलेल्या वेळात भांगलणीला जातात. बिल जमा झाल्याचा एसएमएस आला होता, म्हणून फराळाचं सामान भरायला आल्या: तेल, रवा, मैदा, साखर, पोहे, डाळं. १,२४० रुपये झाले. सोबतच्या मुलीने क्यूआर स्कॅन केला, पिन टाकला. चक्र फिरत राहिलं. आमचा साउंडबॉक्स काही बोलला नाही. थोड्या वेळाने ॲपवर 'अयशस्वी' आलं, म्हणून मुलीने पुन्हा पैसे पाठवले. पुन्हा तेच. मग तिने शिल्लक पाहिली, तर दोन्ही वेळचे मिळून २,४८० रुपये खात्यातून गेलेले आणि मागे ९० रुपये राहिलेले. अण्णांच्या खात्यात एक पैसा आलेला नाही.

मावशींनी भरलेली पिशवी परत काउंटरवर ठेवली. अण्णांनी ती उचलून त्यांच्या हातात दिली आणि वहीत नोंद केली. अण्णांकडे वही होती म्हणून त्या घरात चकल्या झाल्या.

शनिवार-रविवार बँक बंद. सोमवारी मावशी दिवसाची मजुरी बुडवून शाखेत गेल्या. तिथे सांगितलं गेलं की पैसे 'समोरच्या बँकेकडून' परत येतील. समोरची बँकही आपलीच होती. त्यांचं खातं आणि अण्णांचं खातं, दोन्ही एकाच शाखेतली. पैसे परत आले २० तारखेला, नरक चतुर्दशीच्या दिवशी. काउंटरवरच्या मुलाला मी दोष देत नाही. त्याच्या संगणकावर याहून जास्त काही दिसतच नव्हतं.

आता आतल्या गोष्टीकडे येते. मी बाहेरून अंदाज बांधत नाहीये. २०२३ च्या जूनमध्ये बँकेच्याच सांगण्यावरून मी दोन शनिवार मुख्य कार्यालयात बसले होते. सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीचा अभियंता सोबत होता. पाहिलं ते सगळं सहा पानांच्या टिपणात लिहून दिलं. मोबदला मागितला नव्हता, आजही मागत नाही. त्या टिपणाचा आवक क्रमांक माझ्याकडे आहे, उत्तर मात्र अजून आलेलं नाही. २०२५ च्या सप्टेंबरातल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत, आहे त्याच्या चौपट ताकदीचा नवा सर्व्हर घेण्याचा विषय मंजूर झाला. मी हात वर केला होता, पण माझी पाळी येण्याआधी सभा संपली. तेव्हा जे बोलायचं राहिलं ते इथे लिहिते. सुरक्षेला धोका होईल असं यात काहीही नाही. हीच दुखणी देशातल्या कितीतरी लहान बँकांत सापडतील.

सर्वांत मोठं दुखणं एका ओळीत आहे, अक्षरशः एका ओळीत.

कुणीही यूपीआयने पैसे दिले की आपल्याकडे दोन नोंदी पडतात. देणाऱ्याच्या खात्याला नावे आणि बँकेच्या अंतर्गत यूपीआय सेटलमेंट खात्याला जमा. पैसे आले की उलट. म्हणजे खातेदार कितीही असोत, प्रत्येक व्यवहाराची एक बाजू त्याच एका अंतर्गत खात्याला लागते. आपलं सॉफ्टवेअर प्रत्येक नोंदीसोबत त्या खात्याची शिल्लकही तिथल्या तिथे बदलतं. शिल्लक बदलताना डेटाबेस त्या खात्याच्या नोंदीच्या ओळीला कुलूप लावतो आणि व्यवहार पक्का झाला की उघडतो. कुलूप हवंच. ते नसेल तर दोन व्यवहार एकाच वेळी एकाच आकड्यावर लिहितील आणि हिशेब चुकेल. पण एका व्यवहाराने ते कुलूप १० मिलिसेकंद धरलं तर सेकंदाला १०० व्यवहार होणार, एकशे एकावा उभा राहणार. २० मिलिसेकंद धरलं तर ५०. प्रत्येक व्यवहार पक्का होण्याआधी डीआर केंद्रातल्या, म्हणजे मुख्य यंत्रणा बंद पडली तर कामी येणाऱ्या पर्यायी केंद्रातल्या, प्रतीकडून पोच येण्याची वाट पाहत असेल, तर कुलूप आणखी लांबतं. यात प्रोसेसर चौपट करून काही फरक पडत नाही, मेमरी आठपट करूनही नाही. रांग त्या एका ओळीपाशीच लागणार, फक्त तिथवर लोक जरा लवकर पोहोचतील.

याला उपाय आहे, आणि तो सर्व्हरच्या किमतीपुढे किरकोळ आहे. त्या सेटलमेंट खात्याची सोळा पोटखाती करावीत, व्यवहार त्यांच्यात वाटून द्यावेत, आणि दिवसअखेरीला एकत्र बेरीज घ्यावी. किंवा त्या खात्याची शिल्लक लगेच बदलूच नये. नोंद फक्त लिहून ठेवावी आणि बेरीज दर मिनिटाला एकदा करावी. ग्राहकाची शिल्लक क्षणोक्षणी अचूक लागते. बँकेच्या अंतर्गत खात्याची तशी लागत नाही. कंपनीच्या अभियंत्याला हे पटलं होतं. वरून पत्र आलं तर करतो, असं तो म्हणाला होता. ते पत्र कधी गेलंच नाही.

दुसरं दुखणं दूध बिलाचं. हे पुण्या-मुंबईच्या तंत्रज्ञाला एकदम कळणार नाही, पण आपल्याला कळायलाच हवं, कारण ही बँक दुधावर आणि उसावर उभी आहे. दर दहा दिवसांनी दूध संघाकडून फाइल येते, दुपारी चारच्या पुढे येते, आणि आपण ती तशीच, एका दमात, संध्याकाळीच चढवतो. हजारो खात्यांना जमा करणारा तो सगळा ढीग डेटाबेसच्या दृष्टीने एकच व्यवहार असतो. शेवटचं खातं होईपर्यंत पहिल्याही खात्याचं कुलूप सुटत नाही. एसएमएस मात्र आधीच सुटतात! बिल आलं म्हणून माणसं बाजारात जातात आणि त्यांचीच खाती आत अडकलेली असतात. मावशींचं असंच झालं असणार. हीच फाइल दोनशे-दोनशे खात्यांच्या तुकड्यांत, पहाटे तीनला चढवली, आणि एसएमएस तुकडा पक्का झाल्यावरच सोडला, तर यातलं काही होणार नाही. याला एक रुपया खर्च नाही. उसाची बिलं आणि दिवाळीचा दूध फरक यांनाही हेच लागू.

तिसरं, पाहणं आणि लिहिणं एकाच ठिकाणी चालू आहे. शिल्लक पाहणं, छोटं स्टेटमेंट, पासबुक छपाई, शाखांचे अहवाल, ऑडिटची मोठमोठी उत्तरं, हे सगळं ज्या डेटाबेसवर चालतं त्याच डेटाबेसवर त्याच क्षणी कुणाचे तरी पैसे कापले जात असतात. त्यात व्यवहारांचं कोष्टक संगणकीकरणाच्या पहिल्या दिवसापासूनचं एकसंध आहे. काल झालेला व्यवहार शोधायचा तरी डेटाबेस सगळ्या वर्षांच्या नोंदींवर बांधलेल्या त्याच अगडबंब इंडेक्समधून, म्हणजे शोधसूचीतून, जातो. महिन्यानुसार पार्टिशन करा, म्हणजे त्या कोष्टकाचे भाग पाडा, जुनी वर्षं बाजूच्या कपाटात हलवा, अहवालांसाठी आणि पासबुकांसाठी वेगळी रेप्लिका, म्हणजे डेटाबेसची सोबत चालणारी प्रत, ठेवा. एक पथ्य मात्र कडक पाळा: पैसे कापण्याआधी शिल्लक तपासायची ती मूळ डेटाबेसवरच. रेप्लिका एक-दोन सेकंद मागे असू शकते, आणि तेवढ्यात खात्यात नसलेले पैसे निघून जाऊ शकतात.

हे सगळं नवं वाटत असेल तर अण्णांना विचारा. त्यांना आपल्या शाखेतल्या चार खतावण्या आठवतात. बचत खात्यांचे क्रमांक चार क्लार्कांत वाटलेले, कर्जखात्यांची खतावणी वेगळ्या टेबलावर. बाजारच्या दिवशी पासबुक भरायला एक वेगळे गृहस्थ बसत आणि ते खतावणी अडवून न धरता आदल्या दिवशीच्या उताऱ्यावरून लिहीत. गर्दी वाढली म्हणून तेव्हाच्या संचालकांनी खतावणी आणखी जाड केली नाही. त्यांनी तिच्या चार केल्या. आज मी जे मागते आहे ते तेवढंच आहे. खरं तर त्याहून कमी. खाती वेगवेगळ्या सर्व्हरवर वाटून टाकण्याची आपल्या आकाराच्या बँकेला आज गरज नाही. त्यात एका सर्व्हरवरून दुसऱ्या सर्व्हरवर पैसे हलवताना दोन्हीकडच्या नोंदी जुळवण्याचं वेगळं संकट उभं राहतं. आधी कामं वेगळी करा, गर्दीची एक ओळ मोकळी करा. मग नवा सर्व्हर लागतो की नाही आणि लागला तर केवढा, हे मोजून ठरवता येईल.

'वाढ अचानक झाली' हे वाक्य सभेत दोनदा ऐकलं. यूपीआय २०१६ च्या एप्रिलमध्ये सुरू झालं. २०१७-१८ या आर्थिक वर्षात देशभरात त्याचे सुमारे ९२ कोटी व्यवहार झाले होते, २०२४-२५ मध्ये सुमारे १८,५०० कोटी. सात वर्षांत दोनशे पट. महिन्याला १०० कोटींचा टप्पा २०१९ च्या ऑक्टोबरात ओलांडला गेला, १,००० कोटींचा २०२३ च्या ऑगस्टमध्ये, २,००० कोटींचा २०२५ च्या ऑगस्टमध्ये. या शेवटच्या महिन्याची सरासरी काढली तर देशात दर सेकंदाला साडेसात हजारांच्या आसपास व्यवहार होतात, आणि संध्याकाळी सातला अर्थातच सरासरीपेक्षा कितीतरी जास्त. हे आकडे यूपीआय चालवणारी संस्था एनपीसीआय दर महिन्याला जाहीर करते. ते दर महिन्याला संचालक मंडळापुढे ठेवले गेले असते तर कुणालाच काही अचानक वाटलं नसतं.

वाढ न पेलवणाऱ्यांचं काय होतं हेही आपण पाहिलेलं आहे. २०२० च्या डिसेंबरात आणि पुन्हा २०२४ च्या एप्रिलमध्ये रिझर्व्ह बँकेने दोन मोठ्या खासगी बँकांवर निर्बंध घातले. वारंवार बंद पडणाऱ्या यंत्रणा हे दोन्ही वेळचं एक मोठं कारण होतं. त्यांच्यापाशी पैसा होता, माणसं होती, तरी ही वेळ आली.

बिघाड स्वतःच भार वाढवतो, याकडे माझ्या मते आपलं सर्वांत कमी लक्ष आहे. एक व्यवहार अडकला की माणूस दुसऱ्यांदा पैसे पाठवतो. मग शिल्लक पाहतो, दोन मिनिटांनी पुन्हा पाहतो. दुकानदार आपली शिल्लक पाहतो. ॲप मागून व्यवहाराची स्थिती विचारत राहतं. अडकलेल्या एका व्यवहारापोटी आठ-दहा नव्या विनंत्या त्याच थकलेल्या डेटाबेसवर येऊन आदळतात. १२ एप्रिल २०२५ ला देशभर यूपीआय काही तास अडखळलं तेव्हाही, काही बँकांकडून जुन्या व्यवहारांची स्थिती पुन्हा पुन्हा विचारली गेल्याने भार चढला, असं कारण पुढे आलं होतं. त्यानंतर एनपीसीआयने १ ऑगस्टपासून एका ॲपवर दिवसाला ५० वेळाच शिल्लक पाहण्याची मर्यादा घातली, आणि ऑटोपेचे हप्ते सकाळी १० ते १ व संध्याकाळी ५ ते ९.३० या गर्दीच्या वेळा टाळून घ्यायला सांगितलं. आपल्या सूचनेतली वेळ बहुधा तिथूनच उचलली आहे. पण एनपीसीआयने आवरायला सांगितलं ते बँकांच्या आणि ॲपच्या मागून चालणाऱ्या कामांना. चहाचे दहा रुपये देणाऱ्या माणसाला थांबायला सांगितलेलं नाही.

लहान रकमांचा भार खरा आहे, हे मला मान्य आहे. त्यावरचा उपाय २०२२ च्या सप्टेंबरपासून उपलब्ध आहे आणि त्याचं नाव यूपीआय लाइट. ग्राहक थोडी रक्कम आधी लाइटमध्ये भरून ठेवतो, मग चहा-भाजीचे छोटे व्यवहार पिनशिवाय होतात आणि ते प्रत्येक वेळी बँकेच्या मुख्य यंत्रणेत येत नाहीत. तिथे पडते ती फक्त भरण्याची नोंद. आपल्या ग्राहकांना ही सोय आजही नाही. ती आपण दिली असती तर दारावर सूचना लावायची वेळ आली नसती.

आता परताव्याबद्दल, आणि इथे मी खरोखर दुखावले आहे. रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक स्पष्ट आहे. दुकानदाराला दिलेले पैसे खात्यातून गेले आणि दुकानात पोहोचल्याची खात्री मिळाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत ते आपोआप परत जमा व्हायला हवेत. त्यापुढे प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. दोन व्यक्तींमधल्या व्यवहारात तर मुदत एकाच दिवसाची. आणि ही भरपाई ग्राहकाने तक्रार करण्याची वाट न पाहता बँकेने स्वतःहून द्यायची आहे. मावशींचे दोन व्यवहार १० तारखेचे, मुदत १५ ला संपली, पैसे आले २० ला. पाच दिवसांचे पाचशे, दोन व्यवहारांचे हजार रुपये. त्यांना एक रुपयाही मिळालेला नाही. असे त्या संध्याकाळचे किती लोक असतील? शाखेतून कळलं की अडकलेल्या व्यवहारांचं रिकॉन, म्हणजे नोंदींची जुळवणी, मुख्य कार्यालयात दोन माणसं एक्सेलवर करतात, व्यवहाराचा एकेक संदर्भ क्रमांक (आरआरएन) जुळवून. सुट्ट्या आल्या की ढीग साचतो. त्या दोघांवर मी अजिबात रागावलेली नाही. त्यांना हे काम हाताने करावं लागतं, तक्रार त्याबद्दल आहे.

आपली बाजूही मला ठाऊक आहे. जानेवारी २०२० पासून यूपीआयवर दुकानदाराकडून शुल्क घेता येत नाही. प्रत्येक व्यवहाराचा खर्च बँकेने सोसायचा आणि उत्पन्न जवळजवळ शून्य, हे लहान बँकेला जड जातं. मी याच क्षेत्रात असल्याने हे ताळेबंद मी पाहिलेले आहेत. पण २०२४-२५ साठी केंद्राने लहान दुकानदारांच्या दोन हजारांपर्यंतच्या व्यवहारांवर ०.१५ टक्के प्रोत्साहन ठेवलं, आणि त्यातला वीस टक्के भाग यंत्रणेच्या कामगिरीशी बांधला: तांत्रिक कारणाने नाकारलेले व्यवहार ०.७५ टक्क्यांहून कमी आणि यंत्रणा ९९.५ टक्क्यांहून जास्त वेळ चालू. ९९.५ टक्के म्हणजे तीस दिवसांच्या महिन्यात फार तर ३ तास ३६ मिनिटं बंद. अशा अटीत आपण बसतो का, हे सभासदांना कधी सांगितलेलं नाही. चांगला डेटाबेस हा निव्वळ खर्च नाही, एवढं तरी यावरून दिसावं.

माझ्या मागण्या अशा आहेत.

१. दारावरची सूचना लगेच काढावी. जिथे जिथे लागली आहे त्या सगळ्या शाखांतून.

२. १० ऑक्टोबरच्या संध्याकाळी, आणि या वर्षभरात, मुदतीनंतर परत आलेल्या प्रत्येक व्यवहाराची यादी करावी आणि भरपाई त्या त्या खात्यात स्वतःहून जमा करावी. मावशींसारख्या लोकांना अर्ज लिहायला लावू नये.

३. दूध, ऊस आणि पगाराच्या फाइली या महिन्यापासून पहाटे, लहान तुकड्यांत चढवाव्यात. यासाठी ठराव लागत नाही, निविदा लागत नाही. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची एक सही पुरते.

४. सेटलमेंट खात्याची विभागणी, व्यवहारांच्या कोष्टकाचं पार्टिशन आणि अहवालांसाठी वेगळी रेप्लिका, ही कामं याच क्रमाने ३१ मार्चपर्यंत पूर्ण करावीत. कंपनीला तसं लेखी पत्र द्यावं आणि त्या पत्राची प्रत सभासदांना पाहायला मिळावी.

५. ही कामं होईपर्यंत नव्या सर्व्हरची खरेदी थांबवावी. आधी १० ऑक्टोबरच्या संध्याकाळचा सगळा भार चाचणी यंत्रणेवर पुन्हा सोडून बघावा, मग त्याच्या दुप्पट सोडून बघावा. कुठे अडतं ते कागदावर यावं, आणि मग काय विकत घ्यायचं ते ठरावं.

६. यूपीआय लाइट सुरू करावं.

७. रिकॉन आणि परतावा स्वयंचलित करावा. तोवर सलग सुट्ट्यांच्या दिवसांत निदान एक माणूस त्या कामावर असावा आणि त्याला त्याचा मोबदला मिळावा.

८. तांत्रिक कारणाने नाकारलेल्या व्यवहारांचं प्रमाण आणि यंत्रणा बंद असलेले तास दर महिन्याला प्रत्येक शाखेच्या फळ्यावर लिहावेत. ठेवींचे व्याजदर जिथे लिहिता तिथेच. डीआर केंद्रावरून दिवसभर बँक चालवून पाहण्याचा सराव वर्षातून दोनदा व्हावा आणि त्याची तारीख आधी जाहीर व्हावी.

मावशींच्या वतीने, त्यांना विचारून, भरपाईची लेखी तक्रार मी शाखेत दिली आहे. तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाण्याचा मार्ग आहे. तो वापरावा लागू नये अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आपल्या तंत्रज्ञान विभागातल्या लोकांसोबत बसायला मी तयार आहे. डिसेंबरातले चारही शनिवार मी मोकळे ठेवले आहेत. २०२३ चं टिपण मी नव्याने लिहून काढलं आहे, ते आता आठ पानांचं झालं आहे. त्याच्या दोन प्रती येत्या सोमवारी सकाळी अकराला मी मुख्य कार्यालयाच्या आवक खिडकीवर देणार आहे. एक आपल्यासाठी, आणि दुसरीवर पोच घेऊन ती दुकानात अण्णांकडे ठेवणार आहे. कोणत्याही सभासदाला ती तिथे वाचता येईल.

कळावे,
आपली विश्वासू,
एक सभासद आणि खातेदार